न्यू जर्सीत एक्स्पंजमेंट झालं, तरी व्हिसाच्या फॉर्मवर ‘हो’च लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ मध्ये न्यू जर्सीत एमएस करत असताना एका दुकानाच्या सेल्फ-चेकआउटवर नव्वदेक डॉलरचं सामान स्कॅन न करता बाहेर नेल्याबद्दल शॉपलिफ्टिंगची केस झाली. पोलिसांनी ठाण्यावर नेलं, ठसे घेतले, समन्स हातात देऊन सोडलं. म्युनिसिपल कोर्टात वकिलाने ‘कंडिशनल डिसमिसल’ मिळवून दिलं आणि वर्षभराने केस डिसमिस झाली. आता एच-१बी आहे, पासपोर्टवर व्हिसाच्या स्टॅम्पिंगला मुंबईला जायचंय, कंपनी ग्रीन कार्डची तयारी करतेय. रूममेट म्हणतो, एक्स्पंज करून टाक (म्हणजे कोर्टाकडून रेकॉर्ड सीलबंद करून घे) आणि यापुढे सगळीकडे ‘नाही’ लिही. वडील नाशिकहून विचारतात, आपल्याकडे हायकोर्टात एफआयआर रद्द करून घेतात तसं तिकडे काही नाही का?

मी न्यू जर्सीत फौजदारी आणि इमिग्रेशन अशी दोन्ही कामं करतो. माझ्याकडे येणारी बरीच मराठी मुलं नेमकी याच वळणावर येतात. उत्तर आधी देतो: एक्स्पंजमेंट जरूर करा, पण कोर्टाच्या शिक्क्याचे कागद हातात आल्याशिवाय करू नका. आणि रूममेटचा दुसरा सल्ला, सगळीकडे ‘नाही’ लिहिण्याचा, विसरून जा. मूळ केसने तुमचं जेवढं नुकसान होऊ शकतं त्याच्या कितीतरी पट त्या एका ‘नाही’ने होईल.

एक्स्पंजमेंट म्हणजे रेकॉर्ड जाळून टाकणं, असा समज आहे. न्यू जर्सीच्या फौजदारी संहितेतलं प्रकरण ५२ वाचलं तर दिसतं की कायदा रेकॉर्ड बाजूला काढणं, सीलबंद करणं, वेगळं ठेवणं एवढंच म्हणतो. कागद राहतात, फक्त खुल्या कपाटातून बंद कपाटात जातात. त्यानंतर राज्याच्या कायद्यापुरती ती अटक आणि तो खटला घडलाच नाही असं मानलं जातं आणि खासगी नोकरीच्या अर्जावर तसं उत्तर देण्याचा तुम्हाला हक्क मिळतो. त्यालाही राज्यानेच अपवाद ठेवलेत: पोलीस, तुरुंग खातं किंवा न्यायालयीन सेवेत नोकरी मागितलीत तर सांगावं लागतं. बंद कपाटातली माहिती जाणूनबुजून बाहेर फोडणाऱ्यालाही दंड आहे.

आता तुमच्या केसचं वजन बघू. न्यू जर्सीत शॉपलिफ्टिंगची पायरी मालाच्या किमतीवर ठरते. २०० डॉलरच्या खाली असेल तर ‘डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स’, २०० ते ५०० पर्यंत चौथ्या दर्जाचा गुन्हा, ५०० च्या वर तिसऱ्या दर्जाचा, आणि ७५,००० किंवा जास्त असेल तर दुसऱ्या दर्जाचा. तुमचं पहिल्याच पायरीवर आहे. तिथे जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद होऊ शकते, ग्रँड ज्युरी नाही, ज्युरी नाही, काम म्युनिसिपल कोर्टात चालतं. राज्याच्या भाषेत हा ‘क्राइम’सुद्धा नव्हे. मुलं इथेच निर्धास्त होतात. इमिग्रेशन कायदा मात्र राज्याने काय नाव दिलंय ते बघत नाही. काय केलं, त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकत होती आणि प्रत्यक्षात किती झाली, एवढंच तो बघतो.

कंडिशनल डिसमिसलची खरी गोम आता सांगतो. हा मार्ग न्यू जर्सीच्या म्युनिसिपल कोर्टांत २०१४ च्या जानेवारीपासून आहे. पहिल्यांदा सापडलेल्या माणसाने आधी गुन्हा कबूल करायचा (किंवा कोर्टाने दोषी ठरवायचं), पण निकालाची नोंद होत नाही. वर्षभर देखरेख, शुल्क, अटी, आणि सगळं सरळ पार पडलं की केस डिसमिस. इथे जन्मलेल्या मुलासाठी उत्तम सोय. पण १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) इमिग्रेशन कायद्यात ‘कन्व्हिक्शन’ची, म्हणजे दोषी ठरण्याची, स्वतंत्र व्याख्या घातली. माणसाने गुन्हा कबूल केला असेल किंवा दोषी ठरायला पुरेसं काही मान्य केलं असेल, आणि न्यायाधीशाने शिक्षा, दंड किंवा स्वातंत्र्यावर कसलंही बंधन घातलं असेल, तर ते कन्व्हिक्शन. पुढे राज्याने केस डिसमिस करो वा एक्स्पंज करो. म्हणजे तुमच्या कागदावर ‘डिसमिस्ड’ असा शिक्का आहे आणि फेडरल सरकारच्या लेखी तुम्ही चोरीत दोषी ठरला आहात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

गंमत बघा, गंभीर गुन्ह्यांसाठी वरच्या कोर्टात ‘प्रीट्रायल इंटरव्हेन्शन’ नावाची सोय आहे, तिथे बहुतेक प्रकरणांत गुन्हा कबूल करावा लागत नाही. त्यामुळे ६०० डॉलरचा माल उचलणारा परदेशी विद्यार्थी इमिग्रेशनच्या दृष्टीने कधी कधी ९० डॉलरवाल्यापेक्षा सुरक्षित बाहेर पडतो. हे ज्या वकिलाला ठाऊक आहे तो प्रॉसिक्युटरशी वेगळी बोलणी करतो: आरोप गावाच्या ऑर्डिनन्सच्या (स्थानिक नियमाच्या) उल्लंघनावर आणता येईल का, कबुलीशिवाय डिसमिस होईल का. तुमच्या वकिलाने बहुधा सगळ्यांना देतात तेच तुम्हाला दिलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पॅडिला विरुद्ध केंटकी या निकालानंतर बचावाच्या वकिलाने कबुलीचे इमिग्रेशनवरचे परिणाम समजावून सांगणं बंधनकारक आहे, आणि न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आदल्याच वर्षी त्याच दिशेने निकाल दिला होता. तेव्हा तुम्हाला काय सांगितलं गेलं होतं ते आठवून, जुने ईमेल काढून ठेवा. पुढे लागू शकतात.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. मुंबई हायकोर्टात एफआयआर रद्द करायला जातात (पूर्वी कलम ४८२ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली) तेव्हा ही केस चालूच राहू नये असं कोर्टाला पटवायचं असतं. एक्स्पंजमेंटमध्ये असं काही म्हटलेलं नसतं. केस योग्य होती की अयोग्य यावर कोर्ट एक शब्द बोलत नाही. वेळ गेला, वागणूक चांगली राहिली, म्हणून पडदा टाकूया एवढंच. इमिग्रेशन अपील बोर्डाने १९९९ च्या रोल्डन प्रकरणात आणि २००३ च्या पिकरिंग प्रकरणात हीच रेषा आखली. सुधारणेला बक्षीस म्हणून पुसलेलं कन्व्हिक्शन इमिग्रेशनसाठी तसंच उभं राहतं. प्रक्रियेत कायदेशीर दोष होता म्हणून कोर्टाने ते रद्द केलं असेल तरच ते गेलं. वडील विचारतात त्याच्या जवळचं इथे जे आहे त्याला ‘पोस्ट-कन्व्हिक्शन रिलीफ’ म्हणतात: चुकीचा सल्ला मिळाला, म्हणून कबुली मागे घेऊ द्या, असा अर्ज. त्याला साधारणपणे पाच वर्षांची मुदत आहे. तुमची मुदत संपत आलीय किंवा संपलीही असेल, त्यामुळे तारखा घेऊन वकिलाकडे याच आठवड्यात जा. पण एक लक्षात घ्या, कबुली मागे घेतली की केस पुन्हा उघडते. प्रत्येकाने हे करावं असं मी म्हणत नाही, आणि तुमच्या बाबतीत बहुधा गरजही पडणार नाही.

का, ते सांगतो. चोरी सहसा ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ धरली जाते आणि असा गुन्हा व्हिसा व ग्रीन कार्डाच्या आड येतो. पण त्याच कायद्यात किरकोळ गुन्ह्याची सवलत आहे. असा एकच गुन्हा असेल, त्याला जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाहून जास्त नसेल आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांहून जास्त कैद सुनावलेली नसेल, तर तो आड येत नाही. तुमच्या ऑफेन्सची कमाल शिक्षाच सहा महिने, आणि कैद तुम्हाला झालेली नाही. त्यामुळे कागद व्यवस्थित असतील तर ही केस तुम्हाला पार करता येते. दुसऱ्यांदा असं काही झालं तर मात्र सवलत संपली.

उलट, फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं आणि ते पकडलं गेलं तर मामला ‘जाणूनबुजून चुकीची माहिती’ या कलमात जातो. त्याची बंदी आजन्म असते आणि तिच्यातून सुटकेचे मार्ग फार अरुंद आहेत. आणि पकडलं जाणारच, कारण तुमचे ठसे २०२१ मध्ये राज्य पोलिसांकडून एफबीआयकडे गेलेत. एक्स्पंजमेंटची ऑर्डर राज्य पोलिसांना आणि त्यांच्यामार्फत एफबीआयला पोचते, पण इमिग्रेशन खात्याने किंवा कॉन्सुलेटने आधीच उतरवून घेतलेली नोंद न्यू जर्सीच्या न्यायाधीशाच्या हुकमाने पुसली जात नाही. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये तर सरळ विचारलंय की कधी अटक झाली होती का किंवा दोषी ठरला होता का, माफी मिळाली असली तरी सांगा. ग्रीन कार्डाचा आय-४८५ आणि नागरिकत्वाचा एन-४०० हे फॉर्म रेकॉर्ड सीलबंद झालं असलं तरी सांगा असंच म्हणतात. ‘मला बेड्या घातल्या नाहीत, नुसतं समन्स दिलं’ हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकलाय. ठाण्यावर नेऊन ठसे घेतलेत ना? मग ‘हो’ लिहा. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतल्या) नोंदी एका झटक्यात बंद झाल्या तेव्हा फेडरल डेटाबेसमधल्या अशाच नोंदी चाळल्या गेल्या होत्या, आणि त्यात डिसमिस झालेल्या केसेसही होत्या. कोर्टात दावे लागल्यावर त्या नोंदी पूर्ववत झाल्या, पण केस मिटली म्हणजे नोंद मिटली असं समजणाऱ्यांची तेव्हा झोप उडाली.

आता कागदांबद्दल. ज्या म्युनिसिपल कोर्टात केस चालली तिथे जाऊन, किंवा टपालाने, या गोष्टी मागा: मूळ तक्रारीची प्रत, केसच्या अंतिम निकालाची शिक्का मारलेली प्रत म्हणजे सर्टिफाइड डिस्पोझिशन, कंडिशनल डिसमिसलचा हुकूम आणि शुल्क भरल्याच्या पावत्या. प्रत्येकाच्या तीन-चार सर्टिफाइड प्रती घ्या. एक भारतात घरी ठेवा. हे एक्स्पंजमेंटच्या आधी का, तर ऑर्डर झाल्यावर त्याच खिडकीवर तोच क्लार्क सांगेल, या नावाने आमच्याकडे काही रेकॉर्ड नाही. त्याचं बरोबरच आहे, कायदाच त्याला तसं सांगायला लावतो. मग दोन वर्षांनी ग्रीन कार्डच्या वेळी इमिग्रेशन खातं पत्र पाठवतं, अटकेची सर्टिफाइड कागदपत्रं द्या, आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. सीलबंद रेकॉर्ड बघू द्या म्हणून सुपीरियर कोर्टात अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण दाखवावं लागतं, वेळ जातो, पैसे जातात. कबुलीशिवाय सुटलेल्यांनाही हे लागू आहे, त्यांना तर जास्तच. २०१६ पासून डिसमिस झालेल्या किंवा निर्दोष सुटलेल्या केसचं एक्स्पंजमेंट कोर्ट तिथल्या तिथे करू शकतं. आनंदाच्या भरात लोक हो म्हणून बाहेर पडतात. परदेशी नागरिकाने आधी सर्टिफाइड प्रत मागावी, मग हो म्हणावं.

प्रती हातात आल्या की अर्ज करा. कंडिशनल डिसमिसलनंतर सहा महिने थांबावं लागतं, ते तुमचे कधीच झालेत. अर्ज म्युनिसिपल कोर्टात करायचा नसतो. ज्या काउंटीत केस झाली तिथल्या सुपीरियर कोर्टात जातो, आता ऑनलाइन होतो आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून फी नाही. अर्जात जन्मतारीख, अटकेची तारीख, कलम, तक्रारीचा क्रमांक आणि निकालाची तारीख बिनचूक लागते. एक अंक चुकला तर ऑर्डर भलत्याच नोंदीला चिकटते, म्हणून राज्य पोलिसांकडून ठशांवर आधारित स्वतःचं रेकॉर्ड आधी मागवून ताडून बघा. एफबीआयकडूनही स्वतःचा अहवाल १८ डॉलरमध्ये मिळतो. साध्या केसमध्ये प्रॉसिक्युटर हरकत घेत नाही. खरा उशीर ऑर्डर झाल्यानंतर होतो. राज्य पोलिसांकडे अंमलबजावणीचा इतका ढीग साचला होता की २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयाने त्यांच्यावर दावा लावला. तेव्हा सही झाली म्हणून दुसऱ्या दिवशी नव्या नोकरीच्या बॅकग्राउंड चेकला सामोरे जाऊ नका.

मग इमिग्रेशनला उपयोग नसेल तर एक्स्पंजमेंट करायचं तरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. नोकरीसाठी आणि घर भाड्याने घेण्यासाठी. आयटीतली आपली निम्मी मंडळी बँकांच्या प्रोजेक्टवर असतात. चोरी-फसवणुकीची नोंद असलेल्या माणसाला विमासंरक्षित बँकेत काम करायला फेडरल ठेव विमा कायद्याच्या कलम १९ ची आडकाठी येते, आणि त्यात डायव्हर्जनवर, म्हणजे शिक्षेऐवजी अशा देखरेखीवर, सुटलेलेही धरले जातात. २०२२ च्या डिसेंबरात झालेल्या दुरुस्तीने एक्स्पंज झालेल्या नोंदींना त्यातून वगळलं. फेडरल कायद्याने राज्याच्या एक्स्पंजमेंटला मान दिल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. खासगी बॅकग्राउंड कंपन्यांनी मात्र जुना डेटा विकत घेऊन ठेवलेला असतो. त्यांच्या अहवालात पुसलेली केस दिसली तर ऑर्डरची प्रत जोडून लेखी हरकत घ्या. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली त्यांना साधारण तीस दिवसांत तपासून दुरुस्त करावं लागतं.

हा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. दोषी ठरलेल्यांना न्यू जर्सीत किरकोळ ऑफेन्स असो वा गंभीर गुन्हा, साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. दहा वर्षांनंतर ‘क्लीन स्लेट’खाली सगळं एकदम पुसता येतं. खून, अपहरण, दरोडा, जाळपोळ असल्या गुन्ह्यांना हा दरवाजा बंद आहे. दारू पिऊन गाडी चालवणं इथे फौजदारी गुन्हा नाही, वाहतुकीचा आहे, आणि म्हणूनच ते कधीच एक्स्पंज होत नाही. त्या अटकेवरून अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. तसं झालं तरी इथला स्टेटस आपोआप जात नाही, पण बाहेर गेलात तर नवा व्हिसा घेतल्याशिवाय परत येता येत नाही आणि कॉन्सुलेट आधी त्यांच्या पॅनेलच्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतं.

गांजाचंही सांगतो. २०२१ मध्ये तो राज्यात कायदेशीर झाल्यावर कोर्टांनी साडेतीन लाखांहून जास्त जुन्या केसेस आपणहून एक्स्पंज केल्या. फेडरल कायद्यात तो अजून निषिद्धच आहे. त्या केसेसमधल्या ग्रीन कार्डवाल्यांनी प्रवास किंवा नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी वकिलाला विचारावं.

आणि घरातलं भांडण. याबद्दल आपल्या समाजात कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. शेजाऱ्याने ९११ ला फोन केला, पोलीस आले आणि कुणाच्या अंगावर दुखापतीच्या खुणा दिसल्या, तर न्यू जर्सीत अटक करावीच लागते. ‘आमचं आम्ही बघतो’ म्हणून ते परत जात नाहीत. फौजदारी केस पुढे सुटली तर एक्स्पंज होईल. पण फॅमिली कोर्टाचा अंतिम रिस्ट्रेनिंग ऑर्डर (समोरच्यापासून दूर राहण्याचा हुकूम) दिवाणी असतो, तो एक्स्पंज होत नाही, आणि या राज्यात त्याला शेवटची तारीखच नसते, कोर्टाने उठवेपर्यंत चालतो. तो मोडल्याचं कोर्टात ठरलं तर ते देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. तात्पुरत्या ऑर्डरची सुनावणी दहाएक दिवसांत येते. त्या सुनावणीला वकिलाशिवाय जाऊ नका, मग ऑर्डर तुमच्यासाठी मागितलेला असो वा तुमच्याविरुद्ध.

दुसऱ्या राज्यांत केस झालेल्यांनी यातला राज्याचा भाग जसाच्या तसा उचलू नये. न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड सील होतं, टेक्ससमध्ये ‘नॉनडिस्क्लोजर’चा वेगळाच प्रकार आहे, कॅलिफोर्नियाचे नियम निराळे. कागद आधी घ्या आणि फेडरल फॉर्मवर खरं लिहा, हे पन्नासही राज्यांत सारखं.

आता तुमच्या स्टॅम्पिंगबद्दल. अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाकडून दीड-दोन पानांचं पत्र लिहून घ्या: कोणतं कलम, कमाल शिक्षा किती, प्रत्यक्ष काय झालं, किरकोळ गुन्ह्याची सवलत का लागू होते. बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये सर्टिफाइड प्रती आणि हे पत्र वरच ठेवा. ऑफिसरने विचारलं तर दोन वाक्यांत सांगा, काय घडलं आणि कोर्टात कसं मिटलं. मशीन खराब होतं, घाईत होतो असली कहाणी सुरू करू नका. कोर्टात कबुली दिलेली आहे आणि आता वेगळं बोललात तर शंका वाढते. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’मध्ये (जादा तपासणीत) अर्ज अडकून काही आठवडे जाऊ शकतात, तेव्हा परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा आणि कंपनीशी भारतातून काम करण्याबद्दल आधीच बोलून ठेवा. आधीच्या एखाद्या डीएस-१६० मध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या अर्जात ‘नाही’ लिहून बसला असाल, तर मात्र तिकीट काढू नका. आधी तो जुना फॉर्म शोधा आणि तो घेऊन वकिलाला भेटा.